घटस्फोटाच्या कायद्यात नेमके काय बदलले : पुण्यातील कुटुंबांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

‘घटस्फोटाचा नवा कायदा आला, आता पंधरा दिवसांत निकाल’ अशा आशयाचे संदेश नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर वरचेवर फिरत असतात आणि ते वाचून शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात येणारी माणसे पहिल्याच तारखेला गोंधळून जातात. संसदेने असा कोणताही नवा कायदा केलेला नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चाच आहे आणि परस्पर संमतीने घटस्फोट घेण्याची तरतूद त्यात १९७६ साली घातली गेली. विवाह पूर्णपणे मोडकळीस आला असेल तर तेवढ्याच कारणावर घटस्फोट द्यावा, असे विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत संमत झाले होते. परंतु लोकसभेची मुदत संपल्यावर ते बारगळले. गेल्या आठ-दहा वर्षांत जे बदलले ते बव्हंशी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे. किती थांबायचे, उत्पन्नाची माहिती कशी द्यायची, कोणता पुरावा चालतो, पोटगी कोणाला मागता येते, या प्रश्नांची उत्तरे त्या निकालांनी बदलली. या बदलांचा लाभ प्रामुख्याने अशा जोडप्यांना होतो जी पैसा, घर आणि मुले यांविषयीचे प्रश्न अर्ज दाखल करण्यापूर्वी कागदावर सोडवून येतात. म्हणून खालील क्रम न्यायालयाच्या नव्हे, तर कुटुंबाच्या सोयीने लावला आहे.

पहिली पायरी : आपल्याला कोणता कायदा आणि कोणते न्यायालय लागू आहे ते ठरवणे

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख विवाहांना १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू होतो. विवाह अधिकाऱ्यासमोर नोटीस देऊन नोंदणी पद्धतीने लग्न केले असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा लागू होतो. ख्रिस्ती विवाहांसाठी १८६९ चा कायदा आहे, पारशी विवाहांसाठी १९३६ चा आहे आणि मुस्लिम स्त्रीला १९३९ च्या कायद्याखाली न्यायालयाकडून विवाहविच्छेद मागता येतो. त्याखेरीज ‘खुला’ (पत्नीच्या मागणीवरून होणारा घटस्फोट) आणि ‘मुबारत’ (दोघांच्या संमतीने होणारा) हे मार्ग आहेतच. तोंडी तिहेरी तलाक २०१७ च्या निकालाने अवैध ठरला आणि २०१९ च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा झाला.

येथे एक गफलत नेहमी होते. मंगल कार्यालयात सप्तपदी करून नंतर महापालिकेत लग्नाची नोंद केली, म्हणजे आपले ‘रजिस्टर्ड मॅरेज’ आहे आणि त्यामुळे विशेष विवाह कायदा लागू होतो, असे अनेकांना वाटते. तसे नाही. ती नोंद महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखालची असते आणि विवाह हिंदू विवाह कायद्याखालचाच राहतो. प्रमाणपत्राच्या वरच्या भागात कायद्याचे नाव छापलेले असते. वकिलाकडे जाण्यापूर्वी ते वाचून घ्यावे. उत्तराखंडात जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या समान नागरी संहितेचा महाराष्ट्रातील रहिवाशांशी संबंध नाही, हेही ओघाने सांगितले पाहिजे, कारण त्या संहितेतील कलमे येथील कायदा म्हणून सर्रास पुढे पाठवली जातात.

अर्ज कोठे करायचा, याला हिंदू विवाह कायद्यात पर्याय आहेत : लग्न जेथे झाले ते ठिकाण, पती-पत्नी शेवटचे एकत्र जेथे राहिले ते ठिकाण, किंवा समोरची व्यक्ती जेथे राहते ते ठिकाण. पत्नी अर्जदार असेल तर २००३ च्या दुरुस्तीपासून ती स्वतः जेथे राहते तेथेही अर्ज करू शकते. त्यामुळे सासर नागपूरचे असले तरी माहेरी कोथरूडला राहायला आलेल्या स्त्रीला तेथे खेटे घालावे लागत नाहीत. पुणे शहरासाठी कौटुंबिक न्यायालय शिवाजीनगरला, जिल्हा न्यायालयाच्या मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बारामती, जुन्नर, खेड अशा तालुक्यांतील लोकांना वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयाकडे जावे लागते. आपला पत्ता कोणाच्या हद्दीत येतो हे आधी तपासावे, नाहीतर अर्ज परत घेऊन दुसरीकडे दाखल करण्यात महिने जातात. महाराष्ट्रात स्त्रियांना पोटगी आणि घटस्फोटाच्या दाव्यांत न्यायालयीन शुल्क माफ आहे, आणि स्त्रियांना व मुलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

दुसरी पायरी : संमतीने की वादाने, हे शांतपणे ठरवणे

हिंदू विवाह कायद्याखाली परस्पर संमतीच्या अर्जासाठी अट अशी की पती-पत्नी किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत. अर्ज दाखल झाल्यावर कायदा सहा महिन्यांचा विचारकाळ सांगतो. त्यानंतर, पण अर्जाच्या तारखेपासून अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा येऊन संमती कायम असल्याचे सांगायचे असते. १२ सप्टेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात असे ठरवले की हे सहा महिने सक्तीचे नाहीत. न्यायालय ते माफ करू शकते. मात्र माफी आपोआप मिळत नाही. वेगळे राहण्याचे एक वर्ष आणि विचारकाळाचे सहा महिने हा सगळा काळ अर्जापूर्वीच उलटलेला असावा, समेटाचे प्रयत्न झालेले असावेत, पोटगी, मुलांचा ताबा आणि इतर वाद दोघांनी खरोखर मिटवलेले असावेत आणि आणखी थांबण्याने केवळ त्रासच वाढेल असे न्यायाधीशांना दिसावे, अशा त्या कसोट्या आहेत. माफीचा अर्ज मूळ अर्जानंतर एका आठवड्याने करता येतो.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, बाणेरमधील एक जोडपे १ मार्च २०२४ पासून वेगळे राहत आहे. १ मार्च २०२५ नंतर ते संमतीचा अर्ज करू शकतात; पण एप्रिलमध्येच केला तर दीड वर्ष पूर्ण झालेले नसते आणि माफी मागण्याचा आधार कच्चा राहतो. तोच अर्ज सप्टेंबर २०२५ मध्ये केला, सोबत संपूर्ण तडजोडपत्र जोडले आणि ठरलेल्या रकमेचा पहिला हप्ता भरल्याची पावती लावली, तर माफी मिळण्याची शक्यता बरीच वाढते. मार्च २०२५ मध्ये एका नामवंत क्रिकेटपटूच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने विचारकाळ माफ केला तेव्हा ‘दोन दिवसांत घटस्फोट’ अशी चर्चा झाली. ते दोघे अडीच वर्षांहून अधिक काळ वेगळे राहत होते ही बाब त्या चर्चेत हरवून गेली. म्हणून वेगळे राहू लागल्याच्या तारखेचा कागदोपत्री पुरावा, म्हणजे नवा भाडेकरार, गॅस जोडणीचा बदललेला पत्ता किंवा कंपनीतील पत्त्याची नोंद, पहिल्या दिवसापासून जपून ठेवावा.

हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत कोणीही आपली संमती मागे घेऊ शकतो, हे दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवले पाहिजे. पैशाचे हप्ते त्या हिशेबाने बांधावेत : काही भाग अर्जाच्या वेळी आणि मोठा भाग अंतिम जबाबाच्या, म्हणजे संमती कायम असल्याचे सांगण्याच्या दिवशी, धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने) न्यायालयासमक्ष.

एका बाजूची तयारी नसेल तर वादाचा अर्ज करावा लागतो आणि तेथे कायद्यातील कारणच सिद्ध करावे लागते : क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग, व्यभिचार, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार वगैरे. कुष्ठरोग हे कारण २०१९ च्या दुरुस्तीने वगळले गेले. व्यभिचार सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा राहिलेला नाही, तरी घटस्फोटाचे कारण म्हणून तो कायम आहे. लग्नाला वर्ष पूर्ण होण्यापूर्वी, असाधारण हालअपेष्टेची परिस्थिती वगळता, अर्जच करता येत नाही.

१ मे २०२३ च्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाच्या निकालाविषयी सर्वाधिक गैरसमज आहे. विवाह पुन्हा सावरण्यापलीकडे गेला असेल तर राज्यघटनेच्या १४२ व्या अनुच्छेदाखाली आपण घटस्फोट देऊ शकतो, एका बाजूचा विरोध असला तरीही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले. पण हा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा आहे, तो पक्षकाराचा हक्क नाही आणि केवळ त्यासाठी थेट दिल्ली गाठता येत नाही. शिवाजीनगरचे न्यायाधीश ‘मने तुटली आहेत’ एवढ्यावर आजही घटस्फोट देऊ शकत नाहीत. त्या निकालाचा दाखला देऊन पुण्यात सहा महिन्यांत एकतर्फी घटस्फोट मिळवून देतो असे कोणी सांगत असेल, तर दुसऱ्या वकिलाचा सल्ला घेणे शहाणपणाचे ठरेल.

वादाच्या प्रकरणात पुराव्याबाबतही दोन बदल झाले आहेत. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की पती-पत्नीने एकमेकांच्या नकळत ध्वनिमुद्रित केलेले संभाषण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून मांडता येते. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमानुसार मोबाइलमधील चॅट किंवा ध्वनिफीत दाखल करताना विहित नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. केवळ स्क्रीनशॉटच्या छापील प्रती पुरेशा नाहीत. मूळ फोन विकू नये, त्यातील मजकूर पुसू नये. पुरावा चालतो म्हणून घरभर ध्वनिमुद्रण यंत्रे लावावीत असा याचा अर्थ मुळीच नाही. मुलांसमोर चिथावून भांडण काढणाऱ्या पालकाची तीच ध्वनिफीत ताब्याच्या वादात त्याच्यावरच उलटू शकते.

तिसरी पायरी : मालमत्तेचे शपथपत्र तयार करणे

४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र सक्तीचे केले. कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात आजकाल सर्वांत जास्त ऐकू येणारा प्रश्न ‘ॲफिडेव्हिट भरलं का?’ हाच असतो, इतका हा बदल रोजच्या कामात मुरला आहे. अर्जदाराने ते अर्जासोबतच द्यायचे आणि समोरच्याने चार आठवड्यांत उत्तरासह. पूर्वी पती म्हणे माझा पगार इतकाच आणि पत्नी म्हणे याहून दुप्पट, आणि तारखा त्यातच जात. आता प्राप्तिकराची विवरणपत्रे, बँक खाती, कर्जे, विमा, समभाग, वाहने, घरभाडे, मासिक खर्च, अवलंबून असलेली माणसे, सारे एका नमुन्यात लिहावे लागते.

हे शपथपत्र घाईत वकिलाच्या कारकुनाकडे सोपवू नये. गेल्या तीन वर्षांची विवरणपत्रे आणि सर्व खात्यांचे उतारे आधी काढून ठेवावेत. हिंजवडी-खराडीत नोकरी करणाऱ्यांच्या बाबतीत मासिक पगारपत्रकावर न दिसणारा भाग मोठा असतो : वार्षिक बोनस, कंपनीने दिलेले आणि टप्प्याटप्प्याने हाती येणारे समभाग, परदेशी कामाचा भत्ता. ते फॉर्म १६ (कंपनी देते ते पगार व करकपातीचे प्रमाणपत्र) वरून उघड होतेच, तेव्हा स्वतःच लिहिलेले बरे. शेती असलेल्या कुटुंबांसाठी वेगळा नमुना आहे. त्यात सातबारा आणि पिकांचे उत्पन्न येते. मुळशी किंवा मावळातील सामाईक जमिनीच्या गटात आपला हिस्सा किती हे तलाठ्याच्या नोंदीवरून पाहावे, घरात बोलले जाते त्यावरून नव्हे. खोटी माहिती दिल्यास फौजदारी कारवाईचा मार्ग मोकळा राहतो, आणि त्याहून तातडीचा तोटा असा की त्या पक्षाच्या इतर सर्व म्हणण्यावरचा न्यायाधीशांचा विश्वास उडतो.

चौथी पायरी : पोटगीचा हिशेब मांडणे

दावा चालू असताना मिळते ती अंतरिम पोटगी आणि निकालासोबत ठरते ती कायम पोटगी. हिंदू विवाह कायद्यात पती किंवा पत्नी, दोघांपैकी कोणीही ती मागू शकतो. फौजदारी कायद्यातील १२५ वे कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम झाले आहे; त्याखाली पत्नी, मुले आणि आई-वडील अर्ज करू शकतात. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही १२५ व्या कलमाचा मार्ग खुला असल्याचे स्पष्ट केले. १२ फेब्रुवारी २०२५ च्या निकालानुसार विवाहच मुळात कायद्याने शून्य ठरला, उदाहरणार्थ पतीची पहिली पत्नी हयात असल्याचे नंतर उघड झाले, तरीही हिंदू विवाह कायद्याखालची पोटगी मागता येते. द्यायची की नाही हे वस्तुस्थिती आणि वागणूक पाहून ठरते. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून देय केली, त्यामुळे तारखा लांबवून रक्कम वाचवण्याचा जुना डाव आता फारसा चालत नाही. एकाच व्यक्तीने तीन ठिकाणी अर्ज केले असतील तर एका आदेशातील रक्कम दुसऱ्यात वळती होते. म्हणून आधीचे आदेश लपवू नयेत.

रक्कम किती, याला ठरावीक टक्केवारीचा नियम नाही. डिसेंबर २०२४ मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाहण्याच्या बाबी पुन्हा एकत्र मांडल्या : दोघांची सामाजिक व आर्थिक स्थिती, पत्नीच्या व मुलांच्या वाजवी गरजा, शिक्षण आणि नोकरी, स्वतंत्र उत्पन्न, सासरी असतानाचे राहणीमान, कुटुंबासाठी सोडलेली नोकरी, दाव्याचा खर्च आणि पतीची ऐपत व इतर जबाबदाऱ्या. त्याच महिन्यातील दुसऱ्या निकालात, पोटगी म्हणजे दोघांची संपत्ती समान करण्याचे साधन नव्हे, असेही न्यायालयाने बजावले. मे २०२५ मध्ये एका प्रकरणात दरमहा ५०,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ असा आदेश झाला. तडजोडपत्रात अशी वाढीची ओळ घालण्याचा आग्रह माझा तरी राहील, कारण आजचे आठ हजार रुपये मूल दहावीला जाईपर्यंत निम्म्या किमतीचे होतात आणि मग वाढीसाठी नवा अर्ज करावा लागतो.

एकरकमी की मासिक, हा निर्णय करतानाही विचार हवा. मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या निर्णयानुसार एकरकमी पोटगी ही भांडवली स्वरूपाची प्राप्ती मानली जाते, तर मासिक पोटगी घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. देणाऱ्याला त्याची वजावट मिळत नाही. एकरकमीने संबंध एकदाचा संपतो; पण देणाऱ्याची नोकरी स्थिर आणि घेणाऱ्याला मोठी रक्कम सांभाळण्याचा सराव नसेल तर अर्धी रक्कम आणि अर्धे हप्ते असाही मध्यममार्ग काढता येतो. मुलांचा खर्च मात्र पत्नीच्या रकमेत मिसळू नये. तो स्वतंत्र कलमात असावा.

पाचवी पायरी : मुलांचे वेळापत्रक, वकिलापूर्वी आई-वडिलांनी लिहायचे

कायद्यात मुलांचे हित हीच कसोटी सर्वांत वर आहे. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहते, पण तोही अपवादाविना नियम नव्हे. संयुक्त पालकत्वाचा वेगळा कायदा अजून झालेला नाही, तरी आई-वडिलांनी मिळून आखलेली पालकत्वाची योजना न्यायालये आनंदाने स्वीकारतात. महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालयांत कायम नेमलेले विवाह समुपदेशक असतात आणि त्यांच्या खोलीतील तासाभराची बैठक पुष्कळदा चार तारखांच्या युक्तिवादाहून जास्त काम करते. तेथे बोललेले पुरावा म्हणून वापरले जात नाही, त्यामुळे मोकळे बोलायला हरकत नसते. समुपदेशकांसमोर कोणी तरी एकाने तक्रारींची यादी आणलेली असते आणि दुसऱ्याने मुलाच्या शाळेची डायरी. बोलणे डायरीपासून सुरू झाले तर पुढे सरकते.

तडजोडपत्रातील भाषा येथे फार महत्त्वाची आहे. ‘वडिलांना मुलास भेटण्याचा अधिकार राहील’ असे एक ओळीचे कलम म्हणजे पुढच्या पाच वर्षांच्या भांडणाची सोय. त्याऐवजी असे लिहावे : ‘दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी १० वाजता वडील मुलीस आईच्या सोसायटीच्या फाटकापाशी घेतील आणि रविवारी सायंकाळी ६ वाजता तेथेच सोडतील, मुलगी आजारी असल्यास आईने आदल्या रात्रीपर्यंत कळवावे आणि ती भेट पुढील शनिवारी व्हावी, गणपतीचे पहिले दोन दिवस आणि दिवाळीतील पाडवा ते भाऊबीज हे एका वर्षी आईकडे व पुढच्या वर्षी वडिलांकडे, उन्हाळी सुट्टीचे पहिले तीन आठवडे वडिलांकडे, शाळेची पालकसभा दोघांनाही खुली.’ त्यात आजी-आजोबांची भेट, दर बुधवारचा व्हिडिओ कॉल, पारपत्रासाठी दोघांच्या सह्या, परगावी बदली झाल्यास किती दिवस आधी कळवायचे, हेही यावे. शिक्षणाच्या खर्चात शाळेची फी, बस, शिकवणी आणि पुढे महाविद्यालयाची फी कोण किती उचलणार हे आकड्यांत किंवा टक्क्यांत लिहावे. ‘शिक्षणाचा खर्च वडील करतील’ या वाक्यात शिकवणी येते की नाही यावर आठवीच्या वर्षी वाद उभा राहतो. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणे अविवाहित मुलगी स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर सज्ञान झाल्यावरही वडिलांकडे निर्वाह मागू शकते, त्यामुळे तिच्याबाबत अठराव्या वर्षी खर्च थांबेल असे गृहीत धरू नये.

व्यभिचाराचा आरोप सिद्ध करण्यासाठी मुलाची डीएनए चाचणी मागण्याची एक वाईट रीत पडली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्याच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चाचणीचा आदेश रद्द केला आणि आई-वडिलांच्या वादात मुलाच्या औरसपणावर सरसकट प्रश्नचिन्ह लावता येणार नाही असे सांगितले. आपल्या वकिलाने हा मार्ग सुचवला तरी त्याला नकार देण्याचा अधिकार आपला आहे.

सहावी पायरी : घर, कर्ज आणि स्त्रीधन

घटस्फोट झाला की पतीच्या मालमत्तेचा निम्मा भाग पत्नीला मिळतो, हा समज चुकीचा आहे. भारतात असा कायदा नाही. स्त्रीधन तिचे असते, संयुक्त नावावरील मालमत्तेत हिस्सा असतो, बाकीचे पोटगीच्या हिशेबात येते. राहण्याचा हक्क मात्र निराळा आहे. १५ ऑक्टोबर २०२० च्या निकालानुसार सासऱ्यांच्या नावावरील घरही, स्त्री तेथे सामाईक कुटुंबात राहिली असेल तर, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिचे सामाईक घर ठरू शकते. हा हक्क निवाऱ्याचा आहे, मालकीचा नाही. वृद्ध सासू-सासऱ्यांची बाजूही न्यायालय पाहते. मारहाण किंवा घराबाहेर काढण्याचा प्रसंग असेल तर तडजोडीच्या गोष्टी बाजूला ठेवून आधी पुणे पोलिसांच्या भरोसा सेलकडे किंवा १८१ या महिला मदत क्रमांकावर संपर्क करावा.

संयुक्त नावाची सदनिका एकाकडे द्यायची ठरली, तर हुकूमनाम्यात लिहिल्याने ती आपोआप नावावर होईल असे धरून चालू नये. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवावा लागतो, मग सोसायटीचे भागप्रमाणपत्र आणि महापालिकेची मिळकतकराची नोंद बदलावी लागते. महाराष्ट्रात पती-पत्नीमधील निवासी घराच्या बक्षीसपत्रावर मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे, इतर आकार वेगळे. पण ही सवलत ‘पती’ किंवा ‘पत्नी’ यांना आहे. हुकूमनाम्यानंतर ते नातेच उरत नाही. त्यामुळे दस्त हुकूमनाम्यापूर्वी आणि शक्य तितका अंतिम जबाबाच्या दिवसाजवळ करावा, म्हणजे सवलतही मिळते आणि संमती मागे घेतली जाण्याचा धोकाही कमी होतो.

गृहकर्जाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. ‘यापुढील हप्ते पती भरेल’ असे दोघांनी लिहिले तरी बँक त्याला बांधील नाही. हप्ता चुकला की सहकर्जदार पत्नीचा पतदर्जा घसरतो आणि वसुलीचा फोन तिलाच येतो. बँकेकडून सहकर्जदाराचे नाव वगळल्याचे पत्र, किंवा एकट्याच्या नावावर नवे कर्ज, ही अट तडजोडपत्रात आधीची पायरी म्हणून घालावी.

सातवी पायरी : न्यायालयातील दिवस आणि त्यानंतरची कामे

संमतीच्या प्रकरणात अर्ज, शपथपत्रे, विवाहाचा पुरावा, दोघांचे आधार व छायाचित्रे, तडजोडपत्र हे दाखल होते. समुपदेशकांकडे भेट होते. मग न्यायाधीश दोघांना स्वतंत्रपणे विचारतात की ही सही दबावाखाली तर नाही ना. लग्नाचे प्रमाणपत्र नसेल तर पत्रिका, फोटो आणि शपथपत्र चालते. परदेशी असलेल्या जोडीदारास दूरदृश्य प्रणालीने हजर राहण्याची परवानगी मागता येते. ती आयत्या वेळी न मागता लेखी अर्जाने, वेळेच्या फरकाचा उल्लेख करून, आधीच्या तारखेला मागावी. अमेरिकेतील न्यायालयाचा घटस्फोट येथे नेहमीच मान्य होत नाही. दोघांचा सहभाग नसेल किंवा येथील कायद्यात नसलेल्या कारणावर तो दिला असेल तर पुण्यात नवा दावा उभा राहू शकतो.

हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रती त्याच दिवशी अर्ज करून तीन-चार तरी घ्याव्यात. पारपत्र, बँक, मुलाची शाळा, सगळीकडे मागितल्या जातात. संमतीच्या हुकूमनाम्याविरुद्ध कौटुंबिक न्यायालय कायद्याखाली अपील नाही. वादाच्या निकालात अपिलाची मुदत, मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हिंदू विवाह कायद्याच्या प्रकरणांत मान्य केल्याप्रमाणे, ९० दिवसांची आहे, आणि ती संपेपर्यंत किंवा अपील निकाली निघेपर्यंत दुसरे लग्न करू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले. साताऱ्याचे व सोलापूरचे पक्षकार आता तेथे जातात, पण पुणे जिल्ह्याचे अपील पूर्वीप्रमाणे मुंबईतच चालते.

उरते ती नामनिर्देशनांची कामे. भविष्यनिर्वाह निधी, आयुर्विमा, बँक ठेवी, डीमॅट खाते आणि सोसायटी यांतील नामनिर्देशित व्यक्ती घटस्फोटाने आपोआप बदलते असे समजू नये. प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र अर्ज द्यावा. कंपनीच्या गटविम्यातून घटस्फोटानंतर जोडीदार बाहेर पडतो, म्हणून ज्याचे विमाछत्र जाणार आहे त्याने स्वतःची आरोग्य विमा पॉलिसी हुकूमनाम्याच्या आधीच घ्यावी, कारण आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजला जातो.